खोडा, पण वाचता येईल असं

स्मरणिकेसाठी "शाळेची आठवण म्हणून काहीही लिहा" असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी सहलीवर लिहायला बसले. दोन परिच्छेद लिहून झाले आणि थांबले. सहलीला आपण सगळेच होतो, ती गोष्ट माझ्याहून चांगली सांगणारे वर्गात निदान दहा जण आहेत. मला शाळेने दिलेली आणि आजही नोकरीत रोज उपयोगी पडणारी गोष्ट वेगळीच आहे. ती प्रयोगशाळेतली आहे, आणि तिच्यात माझी एक लबाडीही आहे. ती तीस वर्षं मी कुणाला सांगितलेली नाही.

पण नुसती लबाडी सांगून लेख संपवण्यापेक्षा तिच्या जोडीला एक इतिहास सांगते. तो आहे रॉबर्ट मिलिकन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचा, त्याच्या तेलाच्या थेंबांचा आणि त्याच्या वहीचा. बारावीला विज्ञान घेतलेल्यांना हे नाव एका ओळीपुरतं आठवत असेल. त्या ओळीमागे काय घडलं होतं ते मला चाळिशीत कळलं, आणि तेव्हा आपल्या सरांचं एक वाक्य नव्याने समजलं.

आधी आपली प्रयोगशाळा. दहावीला काचेच्या चिपेचा प्रयोग होता, आठवतो का? ड्रॉइंग बोर्डवर पांढरा कागद, त्यावर काचेची चीप, पेन्सिलीने आखलेली तिची कड आणि चार टाचण्या. एका बाजूला दोन टाचण्या टोचायच्या, दुसऱ्या बाजूने एक डोळा मिटून काचेतून त्यांच्याकडे बघायचं आणि चारही टाचण्या एका रेषेत दिसतील अशा उरलेल्या दोन लावायच्या. मग चीप उचलून रेषा जोडायच्या, कोनमापकाने आपतन कोन आणि अपवर्तन कोन मोजायचे, भिंतीवरच्या कोष्टकातून साइन काढायचे आणि भागाकार करायचा. उत्तर म्हणजे काचेचा अपवर्तनांक. तो किती यायला हवा हे आम्हाला आधीच ठाऊक होतं, कारण गाईडमध्ये छापलेलं होतं: १.५.

मी आणि माझी बेंचवरची मैत्रीण, आम्ही मिळून प्रयोग केला. ३० अंशांच्या आपतन कोनाला अपवर्तन कोन आला १८ अंश. भागाकार केला तर १.६२. पुढे ४० अंशांना २७ आला, म्हणजे १.४२. तिचं म्हणणं होतं की आलं तसं लिहू. मी तिच्या हातातून जर्नल घेतलं, रबराने दोन्ही आकडे पुसले आणि १.५ उत्तर येण्यासाठी कोन किती हवेत ते उलटं गणित करून लिहून टाकलं. ३० ला १९.५ आणि ४० ला २५.४. दोघींच्या जर्नलमध्ये, माझ्याच अक्षरात.

सरांनी जर्नल हातात घेतलं आणि त्या २५.४ वर बोट ठेवलं. "कोनमापकाचं लघुत्तम माप किती?" आम्ही म्हणालो, १ अंश. "मग हा पॉइंट चार कुठल्या रेघेवर दिसला?" वर्ग हसला. जर्नल मैत्रिणीचं होतं, म्हणून उभी तीच होती. अक्षर कुणाचं हे तिने सांगितलं नाही. "आम्ही दोघींनी केलं" एवढंच म्हणाली. मी खाली बघत बसले.

सर रागावले नाहीत. त्यांनी आमचा ड्रॉइंगचा कागद मागितला. जर्नलमधले आकडे मी पुसले होते, पण कागदावर टाचण्यांची भोकं होती तिथेच होती! सरांनी त्या भोकांवरून आम्हाला पुन्हा रेषा मारायला लावल्या आणि पुन्हा कोन मोजायला लावले. ३० ला १८, ४० ला २७. आळसाने आम्ही न मोजलेले पुढचे दोन कोनही मोजायला लावले. ५० ला ३१ आला, म्हणजे १.४९. ६० ला ३५, म्हणजे १.५१. चारही उत्तरांची सरासरी काढली: १.५१.

मग त्यांनी फळ्यावर आणखी एक गोष्ट दाखवली. ३० अंशांपाशी अपवर्तन कोन मोजताना एका अंशाची चूक झाली, तर उत्तरात ०.०८ चा फरक पडतो. ६० अंशांपाशी तीच चूक झाली, तर फरक त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे आमचा १.६२ हा आकडा वेडावाकडा नव्हता. ३० अंशांच्या मापात तेवढी चूक होणं साहजिक होतं. ती कुठून येते ते आम्ही पाहिलंच नव्हतं, उत्तर पुसून मोकळे झालो होतो.

त्या दिवसापासून प्रयोगशाळेत रबर आणायला बंदी झाली, हे तुम्हाला आठवत असेल. का झाली ते आज कळलं असेल. सरांचा नियम असा होता: चुकलं तर खोडा, पण एका आडव्या रेघेने. खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी का खोडलं ते लिहा.

आता मधली बावीस-तेवीस वर्षं ओलांडून माझ्या नोकरीत या. इंजिनिअरिंग झालं, सॉफ्टवेअरमध्ये आले, टीम सांभाळू लागले. एका ग्राहकासाठी आम्ही मोठी प्रणाली बांधली होती. ती सुरू होण्याआधी तिच्यावर खोटी गर्दी सोडून प्रतिसादाला किती वेळ लागतो ते मोजायचं होतं. आम्ही वीस चाचण्या घेतल्या. सतरा उत्तम आल्या. तीनमध्ये प्रतिसाद नऊ-नऊ सेकंदांवर गेला. "नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार" म्हणून मी त्या तीन काढून टाकल्या आणि सतरांची सरासरी अहवालात घातली. टीममधल्या सर्वांत नव्या मुलाने विचारलं होतं, "मॅडम, त्या तीन रनचं काय?" त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रणाली सुरू झाली त्याच दिवशी सकाळी अडकली. नेटवर्कचा काही संबंध नव्हता. माहितीची प्रत काढून ठेवणारं एक काम ठरलेल्या वेळी आपोआप चालू होत असे, आणि ते चालू असताना सगळं मंदावत असे. आमच्या त्या तीन चाचण्या नेमक्या त्याच वेळी झाल्या होत्या. उत्तर माझ्या हातात आलेलं होतं आणि मी ते पुसलं होतं.

त्या आठवड्यात एका सहकाऱ्याने मला रिचर्ड फाइनमन यांचं एक भाषण वाचायला पाठवलं. फाइनमन म्हणजे विसाव्या शतकातले फार मोठे भौतिकशास्त्रज्ञ. १९७४ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेच्या पदवीदान समारंभात त्यांनी ते भाषण केलं होतं. विज्ञान करताना माणूस स्वतःलाच कसा फसवतो, याबद्दलचे ते त्यांचे विचार आहेत. त्यात एक उदाहरण मिलिकनचं आहे. तिथून मी मिलिकनकडे गेले.

१८९७ साली केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. पण त्यांना मोजता आलं ते इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचं आणि वस्तुमानाचं गुणोत्तर. नुसता भार किती, हे काही नीट हाती लागत नव्हतं. केंब्रिजमध्ये त्यासाठी पाण्याच्या बारीक थेंबांचा ढग तयार करून तो किती वेगाने खाली बसतो हे मोजत. पण ढगातले थेंब सारखे नसतात, त्यांतलं पाणी उडून जातं आणि ढगाची वरची कड अंधूक असते. शिवाय मिळते ती अनेक थेंबांची सरासरी. सगळ्या इलेक्ट्रॉनांचा भार खरंच सारखा असतो की सरासरीतच तो सारखा दिसतो, हे ढगावरून कसं कळणार?

मिलिकन तेव्हा शिकागो विद्यापीठात होता. चाळिशीला टेकलेला. उत्तम शिकवायचा, पाठ्यपुस्तकं लिहायचा, पण नाव घ्यावं असं संशोधन त्याच्या हातून झालेलं नव्हतं. त्याने ढगाऐवजी एकेक थेंब पकडायचं ठरवलं. पाण्याचे थेंब उडून जात, म्हणून त्याने आणि हार्वे फ्लेचर या विद्यार्थ्याने तेलाचे थेंब घेतले. फ्लेचरने पुढे लिहिलं आहे की त्याने अत्तराची फवारणी आणि घड्याळाचं तेल दुकानातून विकत आणून पहिली जोडणी केली.

प्रयोग ऐकायला सोपा आहे. पितळेच्या दोन सपाट चकत्या एकीवर एक, मध्ये दीड सेंटिमीटरच्या आसपास अंतर. वरच्या चकतीला मधोमध बारीक भोक. वर तेलाचा फवारा मारला की एखादा थेंब भोकातून खाली येतो. बाजूने उजेड टाकून छोट्या दुर्बिणीतून पाहिलं की तो अंधारात चांदणीसारखा चमकतो. विद्युतदाब बंद असेल तर तो हळूहळू खाली पडतो. चकत्यांमध्ये काही हजार व्होल्ट लावले की भारित थेंब वर चढू लागतो. दुर्बिणीतल्या दोन आडव्या रेघांमधलं अंतर तो पडताना किती सेकंदांत कापतो आणि चढताना किती सेकंदांत, हे मोजायचं. एकच थेंब तासन् तास वर-खाली करत राहायचा.

पडण्याच्या वेगावरून थेंबाचा आकार कळतो, चढण्याच्या वेगावरून त्यावरचा भार. मध्येच थेंब हवेतून एखादा भार उचलतो आणि त्याचा चढण्याचा वेग एकदम बदलतो. मिलिकनने पाहिलं की हा बदल हवा तेवढा लहान किंवा मोठा नसतो. तो ठरावीक पायऱ्यांनीच होतो. एक पायरी, दोन पायऱ्या, तीन. अडीच कधीच नाही. ती सर्वांत लहान पायरी म्हणजे इलेक्ट्रॉनचा भार. निसर्गात वीज सुट्या नाण्यांसारखी असते, हे इतक्या उघडपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं.

या प्रयोगाच्या श्रेयाचीही एक कहाणी आहे. तेलाच्या थेंबांवरचा पहिला निबंध १९१० साली एकट्या मिलिकनच्या नावाने निघाला. फ्लेचरला पीएच. डी. साठी एक निबंध एकट्याच्या नावावर हवा होता. म्हणून वाटणी झाली आणि दुसऱ्या विषयावरचा निबंध त्याच्या नावाने निघाला. फ्लेचरने ही हकीकत लिहून ठेवली आणि ती त्याच्या मृत्यूनंतर १९८२ साली छापली गेली. नोबेल मिळालं ते मिलिकनला, १९२३ साली.

आता मुद्द्याची गोष्ट. १९१० साली मिलिकनने पाण्याच्या थेंबांवरचा एक निबंध छापला होता. त्यात त्याने प्रत्येक निरीक्षणाला दर्जा दिला: सर्वोत्तम असेल त्याला तीन तारे, मग दोन, मग एक, आणि बेताच्याला काहीच नाही. शिवाय त्याने उघड लिहिलं की एका थेंबाचं निरीक्षण मी सोडून दिलं आहे, त्याचा भार अंतिम उत्तराहून सुमारे ३० टक्के कमी येत होता, आणि ते निरीक्षण पुन्हा मिळालं नाही. सरांच्या नियमाप्रमाणे हे अगदी एका रेघेने खोडणं झालं. काय खोडलं ते दिसतं आणि का खोडलं तेही दिसतं.

याचं बक्षीस त्याला काय मिळालं? व्हिएन्नात फेलिक्स एरेनहाफ्ट नावाचा भौतिकशास्त्रज्ञ होता. इलेक्ट्रॉनहून लहान भारही असतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने मिलिकनचेच छापलेले आकडे घेऊन दाखवलं की ते किती विखुरलेले आहेत. मिलिकनचा प्रामाणिकपणा त्याच्यावरच उलटला. वाद वर्षानुवर्षं चालला.

१९१३ साली मिलिकनचा मोठा निबंध आला. उपकरण खूप सुधारलं होतं, तापमान स्थिर राहावं म्हणून ते तेलाच्या टाकीत ठेवलं होतं. ५८ थेंबांची निरीक्षणं छापली होती. या वेळी मात्र त्याने लिहिलं की हे निवडक थेंब नाहीत, सलग ६० दिवसांत ज्या थेंबांवर प्रयोग केले ते सगळे इथे आहेत.

ते सगळे नव्हते. मिलिकनच्या त्या काळातल्या प्रयोगाच्या वह्या टिकून आहेत. १९७८ साली जेराल्ड हॉल्टन या विज्ञानाच्या इतिहासकाराने त्या वाचून त्यांच्यावर लिहिलं. पुढे अ‍ॅलन फ्रँकलिन यांनी एकेक थेंब मोजला. छापलेल्यांपैकी पहिला थेंब १९१२ च्या १३ फेब्रुवारीचा आहे. तिथून पुढे वहीत १०७ थेंब आहेत. छापले ५८. उरलेल्या ४९ पैकी काहींची नोंद अर्धवट राहिली होती, काही थेंब फार लहान किंवा फार मोठे होते, काहींच्या वेळी उपकरणात बिघाड होता. कारणं खरी होती. पण वहीच्या त्याच पानांवर मिलिकनने लगेच उत्तरही काढून पाहिलेलं आहे. कुठे समासात लिहिलंय की हे सुंदर आलं, छापायचं. कुठे लिहिलंय की चूक जास्त आहे, वापरायचं नाही.

हे वाचताना मला घाम फुटला. कारण ही माझीच वही होती. वाईट निरीक्षण सोडण्यात गैर काही नाही. फवारा नीट बसला नाही, हवेचा झोत आला, तर तो थेंब धरायचा कशाला? पण कुठला थेंब वाईट हे उत्तर पाहण्याआधी ठरवायला हवं. उत्तर पाहून ठरवलं की कारण नेहमीच सापडतं. माझ्या त्या तीन चाचण्यांना नेटवर्क सापडलं होतं. सतरा चांगल्या चाचण्यांच्या वेळी नेटवर्क कसं होतं, ते मी कुठे तपासलं होतं?

आता या इतिहासातली सर्वांत शिकवणारी गोष्ट. मिलिकनचं १९१३ चं उत्तर त्या काळच्या एककांत ४.७७४ होतं, आणि चूक झालीच तर ०.००९ पर्यंत, म्हणजे सुमारे पाव टक्क्यापेक्षा कमी, असं त्याने लिहिलं होतं. आज त्याच एककांत आपण ४.८०३ हा आकडा धरतो. फरक ०.०२९. त्याने सांगितलेल्या चुकीच्या तिप्पट! पण ही चूक त्या लपवलेल्या थेंबांमुळे आली का? नाही. फ्रँकलिन यांनी सोडलेले थेंब धरून हिशेब करून पाहिला, तर उत्तर जवळपास तेच राहतं. चुकीची मर्यादा मात्र थोडी वाढते. आकडे अधिक नेटके दिसावेत एवढ्यासाठी त्याने आपल्या शब्दाला बट्टा लावून घेतला होता.

खरी चूक हवेत होती. पडणाऱ्या थेंबाला हवा जो अडथळा करते तो हवेच्या श्यानतेवर, म्हणजे सोप्या भाषेत तिच्या चिकटपणावर, अवलंबून असतो. मिलिकनने श्यानतेचा जो आकडा वापरला तो सुमारे अर्धा टक्का कमी होता. या गणितात श्यानतेत जेवढी चूक, तिच्या दीडपट भारात येते. थेंब ५८ घ्या, १०७ घ्या की दहा हजार घ्या, ही चूक सगळ्यांत सारखीच शिरते आणि सरासरी काढून जात नाही. ज्या थेंबांवर त्याचा संशय होता त्यांच्यावर तो पहारा देत बसला, आणि चूक अशा आकड्यातून आत आली ज्यावर त्याला संशयच नव्हता.

फाइनमन यांनी त्या भाषणात सांगितलं ते इथून पुढचं आहे. त्यांचं म्हणणं असं: मिलिकननंतरची मापनं सालवार मांडली तर दिसतं की आकडा थोडा वर गेला, मग आणखी थोडा, मग आणखी थोडा. एकदम खऱ्या जागी का गेला नाही? कारण मिलिकनपेक्षा फार मोठं उत्तर आलं की माणसं स्वतःची चूक शोधत बसत आणि ती सापडेही. त्याच्या जवळपासचं उत्तर आलं की फार शोधत नसत. गाईडमध्ये १.५ छापलंय हे आम्हाला ठाऊक होतं तसंच हे. फरक एवढाच की आम्ही दहावीत होतो. आणि हे फाइनमन बोलले कुठे, तर ज्या कॅलटेकचं नेतृत्व मिलिकनने वीस वर्षांहून अधिक काळ केलं त्याच संस्थेत, नव्या पदवीधरांसमोर. थोरामोठ्यांचा मान राखून त्यांची चूक कशी सांगावी, याचा मला तो वस्तुपाठ वाटतो.

१९२० च्या दशकाच्या अखेरीपासून स्फटिक आणि क्ष-किरण यांच्या अगदी वेगळ्या वाटेने इलेक्ट्रॉनचा भार निघू लागला. त्या वाटेवर हवेचा संबंधच नव्हता. तो आकडा मिलिकनपेक्षा मोठा येऊ लागला आणि दोन वाटांची भांडणं लागली. तेव्हा लोकांनी हवेच्या श्यानतेकडे पाहिलं. ती पुन्हा मोजली, नवा आकडा मिलिकनच्या जुन्या निरीक्षणांत घातला, आणि ती निरीक्षणं खऱ्या उत्तरापाशी येऊन उभी राहिली.

हे शक्य झालं कारण मिलिकनने जे ५८ थेंब छापले ते पूर्ण छापले होते. प्रत्येकाचे वेळ, विद्युतदाब, हवेचा दाब, तापमान, शिवाय श्यानतेचा कोणता आकडा घेतला तेही. नुसतं अंतिम उत्तर छापलं असतं तर ते चुकीचं ठरून कायमचं बाद झालं असतं. नोंद होती म्हणून वीस वर्षांनंतर दुसऱ्या कुणाला ती दुरुस्त करता आली. आपल्या कागदावरची टाचण्यांची भोकं होती तशीच ही नोंद.

म्हणून मिलिकनला लबाड म्हणून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. त्याच माणसाने दुसऱ्या एका बाबतीत नेमकं उलट वागून दाखवलं. प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्याबद्दलचं आइनस्टाइन यांचं १९०५ चं समीकरण त्याला पटत नव्हतं. ते खोटं ठरवायला तो कित्येक वर्षं खपला. त्याची मापनं आइनस्टाइनच्या बाजूने आली. समीकरण बरोबर आहे असं त्याने १९१६ साली छापून टाकलं, त्यामागची प्रकाशकणांची कल्पना पटलेली नसतानाही. मनाविरुद्ध आलेलं उत्तर त्याने पुसलं नाही. नोबेल दोन्ही कामांसाठी मिळून आहे. एकाच माणसाकडून दोन्ही घडू शकतं, हे मला लबाडीच्या गोष्टीपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं.

२० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनचा भार मोजायची गरजच उरली नाही. जगभरच्या देशांनी मिळून तो ठरवून टाकला: १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे एकोणिसावा घात, एवढे कूलोम. नेमका एवढाच, चुकीची मर्यादा शून्य. आता त्याच्यावरून अँपिअर ठरतो. म्हणजे आपल्या घरातल्या प्रत्येक फ्यूजवरचा आकडा आता या भाराला बांधलेला आहे. पण हा आकडा आभाळातून पडलेला नाही. शंभरहून जास्त वर्षं माणसांनी मोजलं, चुकलं, एकमेकांच्या चुका शोधल्या, तेव्हा कुठे तो ठरवण्याइतका विश्वास आला.

मी शास्त्रज्ञ नाही. पण माझ्या टीममध्ये आता दोन नियम आहेत. कुठली चाचणी बाद धरायची हे चाचणी घेण्याआधी लिहून ठेवायचं. आणि बाद केलेली प्रत्येक चाचणी अहवालाच्या शेवटी कारणासकट द्यायची. ग्राहक कधी कधी कुरकुरतात, विचारतात की हे वाईट आकडे कशाला दाखवता. एरेनहाफ्टसारखे ते आकडे आमच्यावर उलटवणारेही भेटतात. तो खर्च मी आता धरूनच चालते. टीममधली मुलं या यादीला "खोडलेली पानं" म्हणतात. हे नाव कुठून आलं ते त्यांना ठाऊक नाही.

ही स्मरणिका तुमच्या हातात पडेल त्या दिवशी सर समोर बसलेले असतील, असं ग्रुपवर कळलं आहे. सर, त्या जर्नलमधलं २५.४ माझ्या अक्षरातलं होतं. उभी राहिली ती दुसरी होती. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं असा मला दाट संशय आहे, कारण पुढचे दोन कोन मोजायला तुम्ही कोनमापक माझ्या हातात दिला होता.

आणि बेंचवरच्या माझ्या मैत्रिणी, तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. आलं तसं लिहायला हवं होतं. तीस वर्षं उशीर झाला, पण तुझ्या जर्नलमध्ये मी पुसलेले दोन आकडे इथे परत लिहिते: १.६२ आणि १.४२.